जावई ग्रीन कार्डवर, सिटिझनशिप अजून बाकी: मुलीचा अर्ज आता भरावा की थांबावं?

लातूर, रेणापूर, उदगीर, नांदेड या पट्ट्यातल्या अनेक घरांतली मुलं आता आखातासोबत अमेरिकेतही नोकरीला आहेत. सुट्टीत येतात, निकाह होतो, महिन्याभरात परत जातात. मुलगी मात्र माहेरी नाहीतर सासरी थांबते. मग घरात एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येतं: "जावई म्हणतात, पुढच्या वर्षी सिटिझनशिप होतेय, मग पेपर टाकतो."

हे ऐकायला बरोबर वाटतं. अमेरिकन नागरिकाच्या बायकोला लवकर व्हिसा मिळतो, हे खरंच आहे. पण त्यावरून "तोपर्यंत अर्ज भरूच नये" असा जो अर्थ काढला जातो, तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. या एका गैरसमजापायी नव्या जोडप्याचं वर्ष-दीड वर्ष फुकट जातं. म्हणून हा विषय आम्ही सुरुवातीपासून, सोप्या भाषेत मांडत आहोत. लेखात सोयीसाठी "नवरा अमेरिकेत, बायको इथे" असं धरलं आहे. मुलगी अमेरिकेत आणि जावई इथे असेल तरी नियम तेच आहेत.

थोडक्यात उत्तर

निकाह झाला आणि नवऱ्याकडे ग्रीन कार्ड आहे, तर बायकोसाठीचा आय-१३० अर्ज लगेच भरावा. सिटिझनशिपची वाट पाहू नये. पुढे तो नागरिक झाला की तोच अर्ज आपोआप वरच्या वर्गात जातो. नवा अर्ज लागत नाही, फी पुन्हा भरावी लागत नाही. मात्र मुलंबाळं असतील, निकाह फोनवर किंवा व्हिडिओवर झाला असेल, किंवा निकाह ग्रीन कार्डच्या आधीचा असेल, तर पुढचा भाग नीट वाचावा.

दोन रांगा, दोन नियम

अमेरिकेच्या कायद्यात बायकोला बोलावण्याचे दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता नागरिकाच्या बायकोचा. तिला "इमिजिएट रिलेटिव्ह", म्हणजे अगदी जवळची नातेवाईक धरतात. या वर्गाला वर्षाच्या व्हिसांची मर्यादा नाही. अर्ज मंजूर झाला, कागदपत्रं पूर्ण झाली की मुलाखतीच्या तारखेची वाट पाहायची, एवढंच.

दुसरा रस्ता ग्रीन कार्डधारकाच्या बायकोचा. या वर्गाचं नाव एफ-२-ए. यात वर्षाला ठरावीकच व्हिसा असतात. ग्रीन कार्डधारकांच्या बायका, नवरे आणि अविवाहित मुलं या सगळ्यांसाठी मिळून १,१४,२०० ही मूळ संख्या आहे. त्यातले किमान ७७ टक्के, म्हणजे सुमारे ८८ हजार, जगभरातल्या बायका-नवरे आणि २१ वर्षांखालच्या मुलांना जातात. अर्ज जास्त आले की रांग लागते.

इथे एक दिलासा आहे. एफ-२-ए मधल्या ७५ टक्के व्हिसांना देशवार मर्यादा लागू नाही. त्यामुळे भारतीयांची रांग या वर्गात सहसा इतर देशांइतकीच असते. भावंडांच्या वर्गात भारताची रांग पंधरा वर्षांहून लांब आहे. ती ऐकून घाबरू नये, तो वर्ग वेगळा आहे.

रांग पुढे-मागे कशी होते

यूएससीआयएस, म्हणजे अमेरिकेचं इमिग्रेशन खातं, ज्या दिवशी आय-१३० स्वीकारतं ती तारीख तुमची "प्रायॉरिटी डेट". रेशनच्या रांगेतला नंबर असतो तसंच समजा. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला "व्हिसा बुलेटिन" काढतं. त्यात कोणत्या तारखेपर्यंतच्या लोकांना व्हिसा मिळेल ते लिहिलेलं असतं.

ही तारीख नेहमी पुढेच सरकते असं नाही. जुलै २०१९ पासून मार्च २०२३ पर्यंत एफ-२-ए मध्ये रांगच नव्हती. त्या काळात ग्रीन कार्डधारकाची बायको आणि नागरिकाची बायको यांच्यात फारसा फरक उरला नव्हता. एप्रिल २०२३ च्या बुलेटिनमध्ये तारीख एकदम ८ सप्टेंबर २०२० वर नेली गेली. जानेवारी २०२५ मध्ये ती १ जानेवारी २०२२ वर होती, म्हणजे तीन वर्षांची वाट.

यावरून एक गोष्ट कळते. कुणाच्या तरी मेहुणीला दहा महिन्यांत व्हिसा मिळाला, म्हणून आपल्यालाही मिळेल असं नाही. आणि कुणाला तीन वर्षं लागली, म्हणून आपल्यालाही तेवढीच लागतील असंही नाही. आपल्या हातात एकच गोष्ट आहे, आपला नंबर लवकर लावणं.

आधी भरल्याने काय मिळतं: तारखांचा हिशोब

एक उदाहरण घेऊ. समजा, जावयांना १० जून २०२१ रोजी ग्रीन कार्ड मिळालं. नागरिकत्वासाठी साधारणपणे ग्रीन कार्डवर पाच वर्षं पूर्ण व्हावी लागतात. अर्ज मात्र ९० दिवस आधी देता येतो. म्हणजे १० जून २०२६ च्या ९० दिवस आधी, १२ मार्च २०२६ पासून. (तीन महिने नाही, नव्वद दिवस. एक दिवस जरी आधी भरला तरी अर्ज नाकारला जाऊ शकतो.) निकाह झाला डिसेंबर २०२४ मध्ये.

आता दोन वाटा आहेत.

पहिली वाट: जानेवारी २०२५ मध्येच आय-१३० भरला. मार्च २०२६ मध्ये सिटिझनशिपचा एन-४०० अर्ज दिला. मुलाखत झाली, शपथ झाली. तोपर्यंत आय-१३० ची बरीच तपासणी झालेली असते, कदाचित मंजुरीही आलेली असते. शपथ झाली की रांगेचा प्रश्न मिटला. फाइल सरळ पुढच्या टप्प्यात जाते.

दुसरी वाट: "आधी सिटिझनशिप होऊ दे." शपथ झाल्यावर आय-१३० भरला. आता रांग नाही, हे खरं. पण आय-१३० ची तपासणी शून्यापासून सुरू होते. तिला कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त लागतं. पहिल्या वाटेने हा काळ सिटिझनशिपची वाट पाहता पाहताच निघून गेला असता.

आणि नागरिकत्वाची तारीख कुणाच्या हातात नसते. मुलाखत लांबते, एखादं कागद मागितलं जातं, शपथविधी पुढे जातो. आय-१३० आधीच भरलेला असेल तर मुलीचा नंबर तरी सुरक्षित राहतो. शपथ अगदी दोन-चार आठवड्यांवर आली असेल, तर आज भरला काय आणि नंतर भरला काय, मोठा फरक पडत नाही. त्याहून लांब असेल तर थांबण्यात फायदा नाही.

"दोन अर्ज एकाच वेळी टाकले तर नाकारतात" असंही आपल्याकडे म्हटलं जातं. ते खरं नाही. एन-४०० आणि आय-१३० सोबत चालू शकतात. फक्त दोन्हींत निकाहची तारीख, बायकोचं नाव आणि मुलांची माहिती सारखी आणि खरी असली पाहिजे.

शपथ झाल्यावर काय करायचं

मुलाखत पास झाली म्हणजे नागरिक झाला असं नाही. शपथ घेतली त्या दिवसापासून तो नागरिक. त्या दिवशी हातात येणाऱ्या नॅचरलायझेशन प्रमाणपत्राची प्रत मुलीच्या फाइलला जोडावी लागते.

वर्ग कायद्याने आपोआप बदलतो, पण खात्याला कळवावं लागतं. आय-१३० अजून यूएससीआयएसकडे असेल तर त्यांच्या ऑनलाइन खात्यातून किंवा संपर्क केंद्रामार्फत कळवावं. अर्ज मंजूर होऊन नॅशनल व्हिसा सेंटरकडे गेला असेल तर तिथे कळवावं. मुंबईच्या वाणिज्य दूतावासात फाइल आली असेल तर तिथे. प्रमाणपत्राची किंवा अमेरिकन पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत सोबत द्यावी. हे न कळवल्यामुळे फाइल जुन्याच रांगेत पडून राहते, आणि घरचे म्हणतात, "सिटिझनशिप होऊनही काहीच हललं नाही."

आणखी एक. नॅशनल व्हिसा सेंटरची नोटीस आल्यावर वर्षभर कुणीच उत्तर दिलं नाही, तर नोंदणी रद्द होऊ शकते. म्हणून ईमेलचा पत्ता एजंटचा नको, घरातल्या माणसाचा द्यावा आणि तो नियमित बघावा.

मुलं असतील तर इथे थांबा

नागरिकत्वाचा फायदा बायकोला होतो, पण मुलांचं नुकसान होऊ शकतं, ते इथेच.

ग्रीन कार्डधारकाने बायकोसाठी अर्ज केला तर तिची २१ वर्षांखालची अविवाहित मुलं त्याच अर्जात सोबत येतात. पण नवरा नागरिक झाला की ही सोय संपते. नागरिकाच्या बायकोच्या अर्जात मुलं सोबत येत नाहीत. प्रत्येक मुलासाठी वेगळा आय-१३० लागतो. कित्येक कुटुंबांना हे मुलाखतीच्या वेळी कळतं. आईला व्हिसा मिळतो आणि लेकरू मागे राहतं.

म्हणून मुलं असतील आणि नागरिकत्व जवळ असेल, तर सुरुवातीपासूनच बायकोचा एक आणि प्रत्येक मुलाचा एक असे वेगळे अर्ज भरावेत. खर्च वाढतो, पण पुढचा घोळ टळतो. मूल २१ च्या जवळ आलं असेल तर हे जास्तच महत्त्वाचं. मुलाचा स्वतःचा अर्ज आधीच भरलेला असेल, तर वडील नागरिक होतात त्या दिवशीचं त्याचं वय कायद्याने धरलं जातं. त्या दिवशी तो २१ च्या आत असेल तर पुढे वय वाढलं तरी तो "मूल"च राहतो. फक्त त्याने लग्न करू नये.

विधवा किंवा तलाकशुदा मुलीचा दुसरा निकाह असेल आणि तिला पहिल्या घरचं मूल असेल, तर मुलाचं वय पाहा. निकाहच्या दिवशी ते मूल १८ च्या आत असेल तर नवा नवरा नागरिक झाल्यावरही सावत्र मूल म्हणून त्याच्यासाठी अर्ज करू शकतो. मूल १८ च्या पुढे असेल तर ते फक्त ग्रीन कार्डच्या वर्गातच आईसोबत जाऊ शकतं. अशा घराने सिटिझनशिपची शपथ कधी घ्यायची याचा विचार वकिलासोबत बसून करावा. इथे घाई नुकसानीची ठरू शकते.

एफ-२-ए मध्ये आई-मुलांचे व्हिसा पासपोर्टवर लागले आहेत, पण ती अजून निघाली नाहीत आणि तेवढ्यात नवऱ्याची शपथ आली, तर प्रवासाआधी दूतावासाला कळवावं. मुलांचा व्हिसा अशा वेळी निरुपयोगी ठरू शकतो.

नागरिकत्वानंतर जन्मलेल्या बाळाचं गणित वेगळं आहे. वडील त्याआधी अमेरिकेत एकूण पाच वर्षं प्रत्यक्ष राहिलेले असतील, त्यातली दोन वयाच्या १४ वर्षांनंतरची, तर लातूरच्या दवाखान्यात जन्मलेलं बाळही जन्मतः अमेरिकन नागरिक ठरतं. शपथेच्या आधी जन्मलेल्याला ही सोय नाही. पण तो ग्रीन कार्डवर १८ वर्षांच्या आत अमेरिकेत जाऊन नागरिक बापासोबत राहू लागला, की तोही आपोआप नागरिक होतो.

निकाह ग्रीन कार्डच्या आधी झाला की नंतर?

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारावा, कारण यावर पूर्ण रस्ता बदलतो.

नवऱ्याला ग्रीन कार्ड नोकरीमार्फत मिळालं आणि निकाह त्याआधी झाला होता, तर कदाचित आय-१३० ची गरजच नाही. बायको "मागाहून येणारी" म्हणून त्याच्याच वर्गात जाऊ शकते. त्यासाठी आय-८२४ हा अर्ज असतो. निकाह ग्रीन कार्डच्या एक दिवस जरी नंतर झाला, तर ही सोय नाही.

नवऱ्याला आई-वडिलांमार्फत "अविवाहित मुलगा" म्हणून ग्रीन कार्ड मिळत असेल, तर उलटं आहे. ग्रीन कार्डधारक आई-वडिलांनी भरलेला अविवाहित मुलाचा अर्ज, मुलाने लग्न करताच रद्द होतो. आई-वडील नागरिक असतील तर अर्ज रद्द होत नाही, पण विवाहित मुलांच्या लांब रांगेत जातो. "गुपचूप निकाह उरकू, नोंद नंतर करू" असा सल्ला काही घरांत दिला जातो. तो अजिबात ऐकू नये. निकाह हा निकाह आहे, नोंद असो वा नसो. तो लपवून अविवाहित म्हणून प्रवेश घेतला, तर पुढे मुलीचा अर्ज आणि मुलाची सिटिझनशिप दोन्ही अडकतात. त्याचं ग्रीन कार्डही जाऊ शकतं.

तिसरी स्थिती. नवऱ्याला स्वतःला ग्रीन कार्ड आधीच्या लग्नातून मिळालं, मग तलाक झाला आणि आता इथे दुसरा निकाह झाला. अशा ग्रीन कार्डधारकाला पहिली पाच वर्षं नव्या बायकोसाठी अर्ज करताना आधीचं लग्न खरं होतं हे भक्कम पुराव्याने सिद्ध करावं लागतं. नागरिक झाल्यावर ही अट लागत नाही. इथे मात्र सिटिझनशिपसाठी थांबण्याला अर्थ असू शकतो.

पहिली बायको निकाहात असताना केलेला दुसरा निकाह अमेरिकेचा कायदा मानत नाही. आधीचं लग्न असेल तर ते कायदेशीर संपल्याचा कागद, तलाकची नोंद किंवा मृत्यू प्रमाणपत्र, द्यावाच लागतो.

व्हिडिओवर झालेला निकाह

सुट्टी मिळाली नाही म्हणून फोनवर किंवा व्हिडिओवर निकाह करण्याची पद्धत आपल्याकडे वाढली आहे. शरीअतच्या बाजूने तो कसा करावा हे आलिमांना विचारावं. अमेरिकेच्या कायद्याची अट मात्र स्पष्ट आहे. निकाहच्या वेळी दोघे एकमेकांसमोर हजर नसतील, तर त्यानंतर पती-पत्नी म्हणून प्रत्यक्ष एकत्र आल्याशिवाय ते लग्न इमिग्रेशनसाठी धरलं जात नाही.

म्हणजे व्हिडिओ निकाह करून दुसऱ्या दिवशी आय-१३० भरला तर तो टिकत नाही. आधी नवऱ्याने यावं, रुखसती व्हावी, दोघांनी सोबत राहावं, मग अर्ज. पासपोर्टवरचे शिक्के, विमानाची तिकिटं, सोबतचे फोटो जपून ठेवावेत. ती तारीख निकाहनंतरचीच असली पाहिजे.

नवऱ्याच्या सिटिझनशिपचं घड्याळ

मुलीचा अर्ज नवऱ्याच्या नागरिकत्वाशी जोडलेला असतो. म्हणून त्याचं घड्याळ बिघडू नये याची काळजी दोन्ही घरांनी घ्यावी.

पाच वर्षांत किमान ३० महिने तो प्रत्यक्ष अमेरिकेत असला पाहिजे. सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिला तर "सलग वास्तव्य तुटलं" असं गृहीत धरतात. ते खोडून काढण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. वर्षभर बाहेर राहिला तर वास्तव्य तुटलंच. निकाह, मग रमजान, मग ईद, मग अब्बांचं आजारपण असं करत सात-आठ महिने इथे राहणारी मुलं आम्ही पाहतो. घरच्यांना बरं वाटतं, पण मुलीचा व्हिसा त्याने लांबतो. दोन फेऱ्या कराव्यात, पण प्रत्येक फेरी सहा महिन्यांच्या आत ठेवावी.

२० ऑक्टोबर २०२५ पासून एन-४०० भरणाऱ्यांसाठी नागरिकशास्त्राची परीक्षा बदलली आहे. १२८ प्रश्नांच्या यादीतून २० प्रश्न तोंडी विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. तयारीला वेळ द्यावा.

नागरिकत्व घेणं म्हणजे भारताचं नागरिकत्व जाणं, हेही घरात आधी बोलून घ्यावं. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार ते आपोआप संपतं. भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो. त्यानंतर ओसीआय कार्ड काढता येतं. ओसीआय कार्डावर येणं-जाणं, राहणं सोपं होतं, पण शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने मिळू शकते. सातबाऱ्यावर नाव लावायचं किंवा भावाकडून जमीन घ्यायची असेल, तर तो व्यवहार शपथेच्या आधी बघावा.

दोन वर्षांची अट

मुलगी अमेरिकेत उतरते त्या दिवशी निकाहला दोन वर्षं झाली नसतील, तर तिला दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड मिळतं. ते संपण्याच्या आधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ अर्ज करावा लागतो. दोन वर्षं पूर्ण झाली असतील तर थेट दहा वर्षांचं कार्ड मिळतं.

व्हिसा सहसा काही महिने चालतो. निकाहला दोन वर्षं व्हायला पाच-सहा आठवडेच उरले असतील आणि व्हिसाची मुदत त्यापुढे असेल, तर तिकीट थोडं पुढे ढकलणं फायद्याचं. त्याने एक अर्ज, एक फी आणि बरीच चिंता वाचते.

इथे बसून करायची तयारी

नवरा तिकडे अर्ज भरतो, पण निम्मी कागदपत्रं इथूनच जातात.

निकाहनामा. आपल्याकडचा निकाहनामा बहुधा उर्दूत असतो, तारीख कधी फक्त हिजरी असते. त्याचं पूर्ण इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं सहीचं प्रमाणपत्र लागतं. इसवी तारीख अचूक लिहावी.

विवाह नोंदणी. निकाहनामा असला तरी महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली नोंद करून सरकारी प्रमाणपत्र घ्यावं. गावात ग्रामपंचायत, रेणापूरसारख्या ठिकाणी नगरपंचायत, लातूर-नांदेडला महानगरपालिका. तीन साक्षीदार आणि काझी साहेबांची सही लागते. नवरा परत जाण्याआधी हे काम उरकावं, कारण त्याची सही आणि हजेरी लागते.

जन्म दाखला. घरी जन्मलेल्या अनेक मुलींची नोंदच नसते. एक वर्षानंतरची नोंद जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय होत नाही. २०२५ पासून राज्यात ही पद्धत आणखी कडक झाली आहे. म्हणून हे काम मुलाखतीचं पत्र येईपर्यंत ठेवू नये.

नावं. शेख, सय्यद, पठाण यांची इंग्रजी स्पेलिंगं शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरी, पासपोर्टवर तिसरी असतात. कुठे "बी", कुठे "बेगम", कुठे आडनावच नाही. आय-१३० भरण्याआधी पासपोर्ट प्रमाण धरून बाकीचे कागद दुरुस्त करावेत.

पोलिस दाखला. तो पासपोर्ट सेवेतून पीसीसी म्हणून मिळतो. मुलगी आधी दुसऱ्या देशात राहिली असेल तर तिथलाही लागू शकतो.

शेवटी मुंबई. मुलाखत बांद्रा-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वाणिज्य दूतावासात होते. त्याआधी ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडे तपासणी, लसी आणि बोटांचे ठसे. रात्रीच्या गाडीने जाऊन दुसऱ्या दिवशी परत येऊ, असा बेत करू नये. दोन-चार दिवसांची सोय करून जावं.

पैशाचा हिशोब

एप्रिल २०२४ च्या दरपत्रकानुसार आय-१३० ची फी ऑनलाइन ६२५ डॉलर, कागदावर ६७५ डॉलर. एन-४०० ऑनलाइन ७१० डॉलर. नॅशनल व्हिसा सेंटरच्या टप्प्यावर व्हिसा अर्जाचे ३२५ आणि आर्थिक हमीच्या तपासणीचे १२० डॉलर. दर बदलतात, भरताना सरकारी संकेतस्थळावर पाहून घ्यावे.

नवऱ्याला आय-८६४ ही आर्थिक हमी द्यावी लागते. कमाई अमेरिकेच्या गरिबी रेषेच्या १२५ टक्के हवी. २०२५ च्या तक्त्याप्रमाणे दोन माणसांच्या कुटुंबाला ती वर्षाला सुमारे २६,४३७ डॉलर होते. कमी पडली तर दुसरा जामीनदार चालतो. टॅक्स मात्र नियमित भरलेला असावा.

या फीव्यतिरिक्त "आतून काम लवकर करून देतो" म्हणून कुणी लाख-दोन लाख मागत असेल, तर त्याला दारातूनच सलाम करावा. रांग पैसे देऊन पुढे सरकत नाही.

इतर देशांत असंच असतं का?

नाही. कॅनडात कायम रहिवासी आणि नागरिक दोघेही जोडीदाराला बोलावू शकतात. फरक एवढाच की कायम रहिवाशाने अर्जाच्या वेळी कॅनडातच राहत असलं पाहिजे. ब्रिटनमध्येही कायम वास्तव्याची परवानगी असली तरी पुरते, पण ११ एप्रिल २०२४ पासून वर्षाला २९,००० पौंडांच्या कमाईची अट आहे. ऑस्ट्रेलियातही कायम रहिवासी जोडीदारासाठी अर्ज करू शकतो. म्हणजे "सिटिझनशिप होऊ दे" हे उत्तर या देशांतल्या जावयांकडून आलं, तर त्याचं कारण नीट विचारून घ्यावं.

मुलीकडच्यांनी काय विचारावं

आपल्याकडे जावयांना असे प्रश्न विचारणं बेअदबी समजतात. आम्हाला तसं वाटत नाही. निकाह पक्का करतानाच, नाहीतर निदान रुखसतीच्या आधी, मोकळेपणाने पाच गोष्टी विचाराव्यात. ग्रीन कार्ड कोणत्या तारखेचं आहे? ते कोणत्या मार्गाने मिळालं? एन-४०० कधी भरता येतो? आय-१३० कधी भरणार? भरल्यावर पावतीची प्रत आम्हाला मिळेल का?

पावतीवर अर्जाचा नंबर असतो. त्या नंबरावरून फाइल कुठे आहे हे रेणापुरात बसूनही मोबाइलवर पाहता येतं. ती पावती मुलीच्या हातात असावी. अर्ज तिच्या नावाचा आहे, आणि वाटही तीच पाहत आहे.

ज्यांच्या प्रकरणात जुना गुन्हा, व्हिसाची मुदत ओलांडून राहणं, आधी नाकारलेला व्हिसा किंवा २१ च्या काठावरचं मूल आहे, त्यांनी अमेरिकेतल्या परवानाधारक इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्यावा. बाकीच्या साध्या प्रकरणांत हा अर्ज नवरा-बायको मिळून स्वतः भरू शकतात. सिटिझनशिप यायची तेव्हा येईल, मुलीचा नंबर मात्र आज लावता येतो.